‘न’ नळाचा, ‘ण’ बाणाचा. मग आमच्या लेकरांचा कोणता?

१२ मार्च १९२७. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अवघे आठ दिवस उरले होते. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षण खात्याच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. प्राथमिक शाळेत पाऊल टाकलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि आयुष्यभर साक्षर राहिले पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी सरकारला ऐकवला. मग आकडा ठेवला. शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८. उरलेली ८२ मुले पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात.

महाडला पाण्याचा हक्क मागायला निघालेला हा माणूस त्याच महिन्यात पहिली ते चौथीच्या मुलांचा हिशेब मागत होता, हे आपण फारसे लक्षात ठेवलेले नाही.

आज ती ८२ मुले शाळेच्या बाहेर नाहीत. ती शाळेत आहेत, पटावर आहेत, खिचडी खातात, गणवेश घालतात आणि वरच्या वर्गात जातात. प्रश्न असा की ती वाचतात का? ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीला असलेल्या १०० मुलांपैकी साधारण २३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. १९२७ चा आकडा आणि हा आकडा वेगवेगळ्या मोजपट्टीचे आहेत, त्यांची सरळ तुलना करता येणार नाही. पण बाबासाहेबांनी सांगितलेल्या हेतूच्या मोजपट्टीवर दोन्ही आकडे नापासच ठरतात. पूर्वी मूल शाळेबाहेर राहून निरक्षर होत होते. आता ते बाकावर बसून निरक्षर राहते आणि त्याचा दोष त्याच्याच डोक्यावर मारला जातो. “याच्या डोक्यात काही शिरत नाही,” “घरी वातावरण नाही,” “यांच्यात शिक्षणाची परंपराच नाही” ही वाक्ये आपल्या गोंदिया जिल्ह्यात ऐकली नसतील असा कार्यकर्ता सापडणे कठीण.

आपल्या बैठकांत शिष्यवृत्तीवर बोलले जाते, वसतिगृहांवर बोलले जाते, रिक्त पदांवर आणि कमी पटाच्या शाळा बंद करण्याच्या धोरणावर बोलले जाते. ते बोललेच पाहिजे. पण पहिलीच्या वर्गात फळ्यासमोर नेमके काय घडते, मूल वाचायला शिकते म्हणजे काय होते आणि ते कुठे अडते, हा विषय आपण ‘गुरुजींचे काम’ म्हणून सोडून दिला आहे. माझे म्हणणे असे आहे की हा चळवळीचा विषय आहे. कारण वाचन जिथे अडते, तिथे ते बुद्धीपाशी अडत नाही. ते कानापाशी अडते, आणि कान तयार करणे हे शिकवण्याचे काम आहे. ज्यांच्या घरात ते आपोआप होते त्यांना शाळेने शिकवले नाही तरी चालते. आपल्याला चालत नाही.

कान तयार करणे म्हणजे काय? आपण बोलतो तेव्हा अर्थाकडे लक्ष देतो, आवाजाकडे नाही. ‘भाकर’ म्हटले की लहान मुलाला भाकर दिसते. ‘भाकर’ या शब्दाची सुरुवात आणि ‘भीम’ या शब्दाची सुरुवात एकाच आवाजाने होते, हे त्याच्या ध्यानीमनी नसते. शब्दाचे तुकडे पडतात, तुकड्यांतही आणखी बारीक आवाज असतात, ते काढता येतात, जोडता येतात, बदलता येतात. याला ध्वनींची जाण म्हणतात. अक्षर ही त्या आवाजाची खूण आहे. ज्याला आवाज वेगळा ऐकूच आलेला नाही, त्याच्यासाठी अक्षर हे नुसते वेडेवाकडे चित्र राहते. मग ते चित्र पाठ करणे एवढेच त्याच्या हाती उरते.

ही जाण जन्माने मिळते का? याचे उत्तर १९७९ साली पोर्तुगालमध्ये मिळाले. जोझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच कष्टकरी, ग्रामीण थरातील प्रौढ माणसांचे दोन गट घेतले. एका गटाला कधीच लिहिता-वाचता आले नव्हते. दुसऱ्या गटातले लोक मोठेपणी वाचायला शिकले होते. काम सोपे होते: शब्दातला पहिला आवाज काढून टाका किंवा एक आवाज पुढे जोडा. निरक्षर गटातल्या बहुतेकांना ते जमले नाही. मोठेपणी शिकलेल्यांपैकी बहुतेकांना जमले. माणसे एकाच समाजातली, एकाच पद्धतीच्या जगण्यातली. फरक एवढाच की एका गटाला कुणीतरी शिकवले होते. यातून काय सिद्ध झाले? आवाज वेगळे ऐकण्याची क्षमता वयाने आपोआप येत नाही, वंशाने तर नाहीच नाही. ती शिकवल्याने येते.

मित्रहो, हा निष्कर्ष आपल्यासाठी किती मोलाचा आहे ते बघा. ज्याला शतकानुशतके ‘संस्कार’, ‘घराण्याची बुद्धी’, ‘वाणीची देणगी’ म्हटले गेले, त्याच्या मुळाशी असलेले एक कौशल्य प्रयोगाने उघडे पडले आणि ते शिकवता येण्यासारखे निघाले. पुढे १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी आवाज ओळखण्यात मागे असलेल्या ६५ मुलांचे गट करून दोन वर्षे काम केले. ज्या मुलांना आवाजांचे खेळ आणि त्यासोबत अक्षरे, असे दोन्ही मिळाले, त्यांचे वाचन सर्वांत पुढे गेले. म्हणजे कान आणि डोळा एकत्र शिकवायचे असतात.

आता आपल्या लिपीकडे येऊ. देवनागरीचे अक्षर इंग्रजीच्या अक्षरासारखे नाही. ‘का’ या एका अक्षरात दोन आवाज आहेत, ‘क्’ आणि ‘आ’. भारतीय लिप्या शिकताना मुलांना अक्षराएवढा तुकडा आधी ऐकू येतो आणि त्याच्या आतला एकेक आवाज हळूहळू, अक्षरज्ञान वाढेल तसा उमगत जातो, असे सोनाली नाग यांच्या कन्नड मुलांवरील अभ्यासात दिसले. मराठीलाही हे लागू पडते. आपले मूल बाराखडी घडाघडा म्हणते: क, का, कि, की, कु, कू. पण ‘का’, ‘मा’, ‘पा’, ‘ला’ या चारींत मिळून एकच आवाज आहे, हे त्याला कुणी ऐकवलेलेच नसते. बाराखडी आडवी पाठ होते, उभी कधी वाचली जात नाही. म्हणून ‘का’ येणारे मूल ‘झा’पाशी थबकते.

आणखी एक अडचण. ‘आमगाव’ लिहायला अक्षरे चार लागतात. टाळ्या वाजवत म्हणा: आम-गाव. टाळ्या दोनच. ‘म’ आणि ‘व’ लिहिले जातात ते पूर्ण, पण बोलताना त्यांतला ‘अ’ गळून जातो. वर्गात मूल ‘आ... म... गा... व’ असे चार तुकडे सुटे सुटे म्हणते आणि समोर स्वतःच्या तालुक्याचे नाव आहे हे त्याला कळत नाही. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. ही लिपीची वैशिष्ट्ये आहेत, दोष नव्हेत. पण ती कुणीतरी समजावून द्यावी लागतात. नुसते मोठ्याने म्हणून घेतल्याने ती समजत नाहीत.

वर्णमालेचा क्रम घ्या. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ या स्थानांनुसार केलेली ती मांडणी शास्त्रीय आहे, यात वाद नाही. पण ही मांडणी वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी झाली नव्हती. उच्चारांचा अभ्यास करणारे ते शास्त्र वेदपठणासाठी उभे राहिले. सहा वेदांगांपैकी त्या शास्त्राचे नाव होते ‘शिक्षा’. ज्या व्यवस्थेने आवाजाचे शास्त्र एवढे बारकाईने विकसित केले, त्याच व्यवस्थेच्या गौतम धर्मसूत्राने वेद कानी पडलेल्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतायला सांगितले. एकाचा कान घडवायचा आणि दुसऱ्याचा कान बंद करायचा, हे दोन्ही एकाच परंपरेत झाले. मराठीत ‘शिक्षा’ या शब्दाचा आपल्या वाट्याला आलेला अर्थ कोणता, हे सांगायला नको.

आज कुणी कानात रस ओतत नाही. आज वर्गात हसतात.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. इथली मुले झाडीबोली बोलतात, पोवारी बोलतात, देवरी-सालेकसा भागात गोंडी बोलतात, गोंदिया शहरात हिंदी बोलतात. झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य देणारे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीची वैशिष्ट्ये नोंदवली आहेत. झाडीबोलीत ‘ण’ नाही, तिथे ‘न’ येतो. ‘ळ’ नाही, तिथे ‘र’ येतो. ‘श’ आणि ‘ष’ यांच्या जागी ‘स’ येतो. डोळ्याला ‘डोरा’, पाण्याला ‘पानी’, शेंगांना ‘सेंगा’.

आता या मुलासमोर तक्ता लावा: ‘न’ नळाचा, ‘ण’ बाणाचा. ज्या घरात ‘बान’ म्हणतात त्या घरातल्या मुलाला या दोन अक्षरांत कानाने काहीच फरक लागत नाही. ते ऐकते ते लिहिते, म्हणजे कान वापरून बरोबर तेच करते जे वाचन-लेखनासाठी करायला हवे. आणि नेमके त्यासाठी त्याच्या वहीवर लाल रेघ मारली जाते. दोन-चार वेळा असे झाले की मूल एक धडा पक्का शिकते: माझा कान चुकीचा आहे. मग ते ऐकणे सोडते आणि पाठ करायला लागते. पाठांतरावर पहिली निघते, दुसरी निघते. तिसरीत नवा मजकूर समोर आला की सगळे कोसळते.

गोंडी मुलाची अडचण याहून मोठी. गोंडी ही तेलुगू-कन्नडच्या कुळातली द्राविडी भाषा. पाण्याच्या चित्राखाली ‘प’ लिहिलेला असतो आणि मुलाच्या घरी पाण्याला ‘येर’ म्हणतात. चित्र पाहून ‘प’ आठवावा कसा? ज्या शब्दाच्या आधाराने आवाज शिकायचा, तो शब्दच परका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवण्याचे बंधन आहे. संविधानाच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगितले आहे. ही कलमे आपल्या निवेदनांत किती वेळा आली?

‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द आपल्याला नवीन नाहीत. पाणवठ्यावरची शुद्ध-अशुद्धता आपण झुगारली, पण जिभेवरची मान्य करून बसलो. शिकून शहरात गेलेला आपलाच माणूस गावाकडच्या पोराच्या ‘पानी’ला हसतो. त्याला एकच आठवण द्यावीशी वाटते. संस्कृतातला ‘शरण’ पालीत ‘सरण’ होतो. पालीत ‘श’ नाही, ‘ष’ नाही, एकच ‘स’ आहे. रोज विहारात त्रिसरण म्हणताना तो ‘स’ आपल्याला पवित्र वाटतो. बुद्धाने धम्म लोकांच्या बोलीत सांगितला म्हणून आपण अभिमानाने छाती फुगवतो. मग आपल्याच आईच्या तोंडचा ‘स’ अशुद्ध कसा?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा: “म्हणजे आमच्या मुलांनी प्रमाण मराठी शिकायचीच नाही का? त्यांना बोलीतच ठेवायचे का?” अजिबात नाही. प्रमाण भाषा ही सत्तेची भाषा आहे, न्यायालयाची, परीक्षेची, शासन निर्णयाची भाषा आहे. ती आपल्या मुलांना अस्सल यायलाच हवी. वाद कुठे पोहोचायचे याचा नाही, रस्त्याचा आहे. “आपण घरी पानी म्हणतो. पुस्तकात पाणी लिहितात. हा आवाज काढायला जीभ मागे वळवून टाळूला लावायची, चला करून बघू.” एवढे सांगायला एक मिनिट लागते. मूल हसत-खेळत नवा आवाज शिकते आणि घरचा आवाजही गमावत नाही. त्याच्याकडे एकाऐवजी दोन आवाज होतात.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो: “हे सगळे कशाला? आम्ही पोरांना इंग्रजी माध्यमात घालतो.” इंग्रजी हवीच, पण विचार करा. ‘सी-ए-टी कॅट’ असे मूल घोकते. सी, ए आणि टी ही अक्षरांची नावे एकापुढे एक म्हटली तर ‘कॅट’ होते का? होत नाही. त्यासाठी ‘क्’, ‘ॲ’, ‘ट्’ हे तीन आवाज वेगळे ऐकू यावे लागतात. म्हणजे इंग्रजी वाचायला आवाज आणखी बारीक ऐकावे लागतात. आणि आवाज वेगळे ऐकण्याचे कौशल्य एका भाषेत आले की दुसऱ्या भाषेत कामी येते. ज्या मुलाला स्वतःच्या बोलीत ते कुणी शिकवले नाही, त्याला महागडी फी भरून इंग्रजीतला पोपट बनवले जाते. मजुरी करून, धान विकून भरलेली ती फी असते.

महाराष्ट्रात हे काम कुणी केलेच नाही असे नाही. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी केले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतलेल्या या भाषाशास्त्रज्ञ. आपल्या चळवळीच्या अभ्यासक डॉ. एलिनॉर झेलियट यांच्याबरोबर त्यांनी १९८८ मध्ये एक ग्रंथ संपादित केला होता. फलटणच्या लोकांच्या बोलण्यातील सामाजिक भेदांवर त्यांनी पीएच.डी. केली. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या दलित मुलांसाठी त्यांनी वर्ग चालवले. पुढे प्रगत शिक्षण संस्थेचे काम आणि १९८६ पासून कमला निंबकर बालभवन उभे राहिले. वर्णमाला ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत रेटत न नेता, थोडी अक्षरे आणि थोड्या मात्रा अशा गटांनी शिकवायच्या, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मूल अर्थ असलेले शब्द वाचू लागते, ही त्यांची वाट होती. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील सोनाळे येथे ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी मुलांच्या वाचनावर काम करते. जी मुले ‘शिकत नाहीत’ असे म्हटले जात होते, त्याच मुलांसोबत ही कामे झाली.

मग गोंदियात आपण काय करायचे? गावोगाव विहार आहे. विहारात सतरंजी आहे, दिवा आहे आणि संध्याकाळी वंदनेला येणारी मुले आहेत. वंदनेआधी रोज वीस मिनिटे चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी काढायची. बारावी झालेली एक मुलगी किंवा एक मुलगा हे करू शकतो. साहित्य लागत नाही.

पहिले काही दिवस फक्त टाळ्या. ति-रो-डा, तीन टाळ्या. न-वे-गाव-बांध, चार टाळ्या. प्रत्येकाने आपल्या नावाच्या टाळ्या वाजवायच्या. मग पहिला आवाज: बोडी, बांधी, बंडी, यांत सारखे काय ऐकू येते? भात, भाकर, भीम, दूध, यांत वेगळा कोण? मग आवाज काढणे: ‘कपाट’मधून ‘क’ पळाला, काय उरले? पाट. मग बदलणे: ‘माती’तला ‘म’ काढा आणि ‘व’ लावा, ‘पा’ ऐकायचा असेल तर ‘प’ लावा, वाती, पाती. खेळ जमू लागला की लगेच अक्षरे दाखवायची, उशीर करायचा नाही. एका वेळी चार-पाच अक्षरे, दोन मात्रा, आणि त्यांतून होणारे शब्द. बाराखडी उभी म्हणायची: का, मा, पा, ला. शब्द मुलांच्या तोंडचेच घ्यायचे, झाडीतले, पोवारीतले, गोंडीतले. ज्या गावात गोंडी मुले आहेत तिथे गोंडी जाणणारा माणूस सोबत घ्यायचा. आणि दार फक्त बौद्धांच्या मुलांसाठी उघडे ठेवायचे नाही. पोवाराचे, ढिवराचे, गोंडाचे, हलब्याचे पोरही त्याच फळ्यापाशी अडते आहे. बहुजन ऐक्याची भाषणे आपण खूप करतो, हे एक कामही करून पाहू.

विहारातले वर्ग हा शाळेला पर्याय नाही. शाळेची जबाबदारी शासनाचीच आहे, ती आपण आपल्या अंगावर ओढून घ्यायची नाही. शासनाने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ सुरू केले, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले, त्यासाठी २०२६-२७ ची मुदत स्वतःच घालून घेतली. म्हणून जिल्हा परिषदेकडे नेमक्या मागण्या न्यायच्या. पहिली-दुसरीच्या वर्गाला स्वतंत्र शिक्षक द्या. त्या शिक्षकाला निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामांतून मोकळे करा. त्याला झाडीबोली, पोवारी आणि गोंडीच्या आवाजांची ओळख करून देणारे प्रशिक्षण द्या. अंगणवाडीपासून आवाजांचे खेळ सुरू करा. मुलांच्या बोलीतील शब्दांचे तक्ते काढा. शिक्षकावर नुसते तुटून पडण्याने काही होणार नाही. त्यालाही हे कुणी शिकवलेले नसते.

१९५४ साली बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होते. ते हरले. ती सल आपल्या जिल्ह्यातली माणसे अजून बोलून दाखवतात. त्या पराभवाचे प्रायश्चित्त कुठल्या पुतळ्याने होणार नाही. १९२७ साली त्यांनी मागितलेला हिशेब आपण आपल्या गावापुरता चुकता केला, तर काही अंशी होईल.

वर्षावासात गावोगावच्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. नीट पाहा, वाचणारे किती असतात? दोन, फार तर तीन. बाकी सगळे हात जोडून ऐकत असतात. ज्या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी आयुष्याची शेवटची वर्षे झिजवली, तो आपल्या समाजात अजून ‘ऐकायचा’ ग्रंथ आहे. येत्या आषाढ पौर्णिमेपासून ग्रंथाशेजारी एक फळा ठेवा. तीन महिन्यांनी, आश्विन पौर्णिमेला, एका दुसरीतल्या पोरीला उभी करा आणि चार ओळी वाचायला सांगा. तिने ‘शरण’ला ‘सरण’ म्हटले तर दुरुस्त करायची घाई करू नका. ती वाचते आहे.

जय भीम!